भित्रे डॉक्टर आणि म्हशीचा कान

पावसाळ्यात डॉक्टरसाहेब माझ्या स्कूटीवर मागे बसायच्या आधी हातातलं घड्याळ काढून खिशात घालायचे. मग अंगठी काढायचे. मग किल्ल्यांचा जुडगा माझ्या डिकीत टाकायला लावायचे. "अंगावर लोखंड नको, मॅडम. वर पाहा, कसं काळं होऊन राहिलं." वर पाहावं तर आभाळाच्या एका कोपऱ्यात चिमूटभर ढग असायचा. मी म्हणायचे, "साहेब, आपण बसतोय ती गाडीच लोखंडाची आहे." यावर ते म्हणायचे, "म्हणून तं म्हणून राहिलो, लवकर चला. पण जोरात चालवू नका."

मी तेव्हा औंढा नागनाथच्या बाजूला तलाठी होते आणि ते तिथल्या ढोरांच्या दवाखान्याचे डॉक्टर. आमची गाठ पडायची ती मेलेल्या जनावरापाशी. वीज पडून, पुरात सापडून, गोठ्याची भिंत अंगावर येऊन कुणाची गाय-म्हैस दगावली की सरकारची मदत मिळते. त्यासाठी मी पंचनामा करायचा आणि डॉक्टरांनी जनावर फाडून मरणाचं कारण लिहायचं. वीज किंवा पूर असेल तर मदत येते. रोगानं मेलं असेल तर काही येत नाही, कारण सरकारच्या लेखी रोग ही आपत्ती नाही. म्हणजे सगळा मामला डॉक्टरांच्या एका शब्दावर अडलेला, आणि तो शब्द लिहिणारा माणूस आख्ख्या जिल्ह्यात सगळ्यात भित्रा.

भित्रा म्हणजे किती, ते सांगून पटायचं नाही. भर उन्हाळ्यातही पायात गमबूट, साप चावेल म्हणून. हातमोज्यांवर हातमोजे. ओल्या भिंतीला ते टेकायचे नाहीत, तिच्यात करंट उतरलेला असतो म्हणून. नाला आला की स्कूटीवरून उतरायचे, काठीनं पाणी चाचपत चालत पलीकडे जायचे आणि तिथून मला हात करायचे, "या आता. पण मधातून न्हाई, माझ्या पावलावरून या." कुणी चहा विचारला तर स्वतः चुलीपाशी जाऊन बसायचे. "उकळी दाखवा, माय. अजून एक येऊ द्या." दूध कुठल्या म्हशीचं, तिला ताप होता का, हे विचारून झाल्यावर घोट घ्यायचे. लोक त्यांना पाठीमागे 'उकळी डॉक्टर' म्हणत, आणि काही वात्रट समोरही म्हणत. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

एकदा एका गावात शाळेच्या पटांगणात जनावरांना लस टोचायचं काम चाललं होतं. एक गोऱ्हा दावं तोडून सुटला. डॉक्टर शाळेच्या खिडकीत चढून बसले ते ऊन कलेपर्यंत खाली आले नाहीत. गोऱ्हा केव्हाच घरी जाऊन कडबा खात होता. लोकांनी सह्या घ्यायला कागद वर दिले, त्यांनी गज धरून सह्या केल्या. गाव हसून हसून बेजार. खाली उतरल्यावर कपडे झटकत मला म्हणाले, "हसू द्या. भेलेलं माणूस संध्याकाळी घरी जाते. धिटाईवाल्याचं काही सांगता येत न्हाई."

मी एकदा विचारलं होतं, असं काय झालं होतं तुमच्या बाबतीत? मला वाटलं, काही जुनी गोष्ट निघेल. ते म्हणाले, "काही न्हाई झालं. मी असाच हाव. माझी माय म्हणायची, हे लेकरू सावलीला बी भेते. मंग ढोराचा डॉक्टर काहून झालो? माणसाच्या डॉक्टरकीला नंबर लागला न्हाई म्हणून." एवढंच कारण. मला जरा निराशाच झाली.

पण एक गोष्ट होती. या माणसानं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कधी कागदावर शब्द लिहिला नाही. पुढारी फोन करत, गावकरी शिव्या देत, आमचे वरचे साहेब वैतागत. हे म्हणायचे, "मला भेव वाटते." "कशाचं?" म्हटलं की म्हणायचे, "खोटं लिहिल्याचं. मंग रातच्याला झोप येत न्हाई, साहेब." लोकांना हेही भित्रेपणच वाटायचं.

आता त्या सप्टेंबरची गोष्ट सांगते. तेव्हाचं आठवलं की आजही माझी नजर आधी स्वतःच्या हातांकडे जाते.

डोंगराच्या कडेला एक तांडा आहे. तिथे कमळाबाई नावाची बाई राहायची. साठीची, कोपरापर्यंत बांगड्या भरलेली, आवाज असा की या टेकडीवरून हाक मारली तर त्या टेकडीवरचं गुरं राखणारं पोर वळून बघेल. तांड्यात सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. नवरा वारलेला, घरात सून आणि नातवंडं, लेक पुण्याकडे कामाला. तिची एक दुभती म्हैस होती आणि घर तिच्यावरच चालायचं. दूध जवळा बाजार या गावी विकायला जायचं. एका वादळी संध्याकाळी तांड्यावर वीज पडली. सकाळी म्हैस गोठ्यात मरून पडलेली.

नाल्याला पाणी होतं, त्यामुळे आम्हाला पोचायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. म्हशीवर प्लास्टिकचा कागद टाकून वर दगड ठेवले होते. पंचनाम्याआधी कुत्र्यांनी तोडू नये म्हणून दोन बाया काठ्या घेऊन बसल्या होत्या. पदरानं नाक दाबलेलं. वास असा की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तांड्याच्या नाईकानं मला गोठ्यामागचं लिंबाचं झाड दाखवलं. वरपासून खालपर्यंत साल सोललेली. "उघड काम हाय, मॅडम. झाडावर पडली आन म्हशीला घेऊन गेली." मलाही उघडच वाटलं. मी लिहायला बसले.

डॉक्टर मात्र म्हशीपासून बरेच लांब उभे राहिले होते. कागद काढायला लावला आणि तिथूनच बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, इकडं या. तिकडून हटा." आवाज नेहमीचा नव्हता. मी उठून त्यांच्यापाशी गेले. म्हशीच्या नाकाखाली काळपट रक्त साचलं होतं, पातळ, गोठलेलं नाही. "पाय पाहा," ते हळूच म्हणाले, "ताठलेले न्हाईत." मी म्हटलं, विजेनंही रक्त येतं ना? ते म्हणाले, "येते. विजेनं बी येते आन शिळ्या मढ्याचे पाय बी सैल पडतेत. म्हणून तं भेव वाटून राहिलं."

मग त्यांनी शंका असलेल्या रोगाचं नाव माझ्या कानात सांगितलं. फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स. संध्याकाळी चरून आलेलं जनावर सकाळी मेलेलं दिसतं. त्याचं रक्त जिथे सांडेल तिथली माती वर्षानुवर्षं विषारी होते, आणि ते माणसाच्या हाताला लागलं तर माणसालाही होतं. अशी शंका आली तर जनावर फाडायचं नाही, एक थेंब रक्त सांडू द्यायचं नाही, असा नियमच आहे.

आणि तेवढ्यात त्यांना दिसलं की म्हशीला एकच कान आहे.

"कान कुठं गेला?" ते ओरडलेच. मला वाटलं, कुत्र्यांनी नेला असेल. कमळाबाई पुढे आली. चेहऱ्यावर शहाणपणाचा अभिमान. "म्या ठेवला की जपून." ती घरात गेली आणि पिठाच्या डब्यामागून एक पिशवी घेऊन आली. पिशवीत कान होता, आणि कानात पिवळा बिल्ला.

मागच्या साली तिच्या शेजाऱ्याचा बैल पुरात वाहून गेला होता. ना बैल सापडला ना बिल्ला, आणि त्याची मदत गेली. तेव्हापासून ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगत होते, जनावराच्या कानातला बिल्ला जपा, बिल्ल्याचा नंबर नसेल तर काही मिळणार नाही. कमळाबाईनं ते अगदी मनावर घेतलं. पाऊस थांबेना, नाल्याचं पाणी गोठ्याकडे सरकत होतं. म्हैस वाहून गेली तर निदान सरकारला दाखवायला कान असावा, म्हणून तिनं तो कापून घरात ठेवला होता.

"कशानं कापला, माय?"

"इळीनं."

"भाजीच्या इळीनं?"

"मंग? घरात दुसरं काय हाय?"

"मंग त्या इळीवर भाजी चिरली का?"

"धुतली ना म्या. दोडके चिरले."

"खाल्ले कोणी?"

"सगळ्याइनं खाल्ले," कमळाबाई म्हणाली. आता तिचाही आवाज जरा खाली आला होता.

डॉक्टर चिखलात मटकन खाली बसले. ते गमबूट, ते हातमोजे, आणि त्यांची ती पांढरी पडलेली चर्या बघून पहिल्यांदा मला हसू आलं नाही.

थोड्या वेळानं ते उठले. विळी चुलीत लाल होईपर्यंत तापवायला लावली. ज्यांनी ज्यांनी म्हशीला हात लावला होता त्यांना साबणानं हात धुवायला लावले, मलाही, मी तर हात लावलाच नव्हता. कानाच्या रक्ताचा नमुना घेतला. आणि मग जाहीर केलं की म्हैस फाडायची नाही, खोल खड्डा करून चुना टाकून आहे तशी पुरायची.

तांडा खवळला. नाईक बऱ्यापैकी समजूतदार माणूस, पण त्याचाही तोल गेला. "साहेब, फाडली न्हाई तं कारण लिहिता येत न्हाई, आन कारण न्हाई तं पैसे न्हाई. तुमच्या भेवापायी ह्या बाईची म्हैस बुडवता का?" मागून कुणीतरी बोललं, "उकळी डॉक्टरला रगताची चक्कर येऊन राहिली." एक जण सुरा घेऊन आला. आम्ही फाडतो, तुम्ही लांबून बघा आणि लिहा, असं त्याचं म्हणणं. लोक पुढे सरकायला लागले.

मी डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, झाड तर दिसतंय. वीज लिहा आणि पुरून टाकू."

ते म्हणाले, "लिहिलं वीज. उद्या हे लोक बाकीच्या ढोराइला लस टोचून घेतील का? विजेची लस कोन टोचून घेते? आन हिच्या हाताला काही झालं तं दवाखान्यात काय सांगतील, वीज पडली म्हणून?"

आणि ते म्हशीपुढे जाऊन उभे राहिले. सुरेवाल्यासमोर, रिकाम्या हातानं. वर पुन्हा आभाळ भरून आलं होतं. लांब डोंगरावर वीज लवलवली आणि गडगडाट आला. एरवी या माणसानं आतापर्यंत कुणाच्या तरी बाजेखाली आसरा घेतला असता. ते म्हणाले, "मला लय भेव वाटून राहिलं. तुमचं बी वाटते, विजेचं बी वाटते. पण म्हशीचं सगळ्यात जास्त वाटते. मी हलत न्हाई." वारंगा फाट्याकडून मागवलेला जेसीबी येईपर्यंत ते तिथेच उभे होते. पाऊस सुरू झाला तरी उभे होते. शेवटी म्हैस खड्ड्यात गेली, विळीही गेली, आणि वर चुन्याची पोती रिकामी झाली.

त्यानंतर ते रोज सकाळी माझ्या स्कूटीवरून तांड्यावर जायचे. अंगणाच्या बाहेर उभे राहून म्हणायचे, "हात दाखवा." बाया, पोरं, नाईकसुद्धा, सगळे ओळीनं हात पुढे करून उभे. पुढे, मागे, बोटांच्या बेचक्यात. तापाचं विचारायचे, पोटात दुखतं का विचारायचे, भाजी खाल्लेल्या लेकरांची तर जीभसुद्धा बघायचे. पहिल्यांदा लोक हसले. मग हसेनासे झाले. कुणाला डास चावला तरी घरात रडारड व्हायची. सुना सासवांच्या हातचं पाणी घेईनात. मीसुद्धा जेवताना घास थांबवून बोटं बघायचे. नवरा म्हणाला, तुला वेड लागलंय. लागलंच होतं.

आणि एका सकाळी कमळाबाईनं एकच हात पुढे केला.

"दुसरा?"

"त्याला काय व्हतंय."

"बांगड्या वर करा, माय."

ती करेना. सुनेनं जवळजवळ जबरदस्तीनं बांगड्या वर सरकवल्या. मनगटावर एक फोड होता, कडेनं सुजलेला, मधोमध काळा.

"दुखते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई दुखत. मुंगी चावली असंल."

"न्हाई दुखत, हेच वाईट हाय," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "गाडी मागवा. आत्ताच. हिंगोलीला न्यायचं."

कमळाबाई ओट्यावर फतकल मारून बसली. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. इतके दिवस तिच्या हातात काही नव्हतं, आज डॉक्टरांना तिच्याकडून काहीतरी हवं होतं. ती म्हणाली, "आधी वीज लिहा. मॅडमसमोर लिहा. मंग मी गाडीत बसते."

"माय, हा फोड घेऊन बसू नका. येळ गेला तं हातात काही राहत न्हाई."

"म्हैस गेली तवा काय राहिलं व्हतं? ही नातवंडं काय खातील? तुमी लिहा. न्हाई तं मी हितंच मरते, मंग लिहा रोग."

सून रडायला लागली. गाडी येऊन उभी राहिली, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मला वाटलं, आता लिहितील. कुणीही लिहिलं असतं. एक शब्द, बाई वाचते, मदतही येते. मी पेन काढून त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी पेन घेतला नाही. ते ओट्यावर तिच्या शेजारी बसले. एक हातमोजा काढला, त्याच्या आतला काढला. मग दुसऱ्या हाताचे. त्यांचे उघडे हात मी पहिल्यांदाच बघत होते, धुऊन धुऊन भेगाळलेले. त्यांनी कमळाबाईचा तो हात उचलला आणि दोन्ही हातांत धरला. जो माणूस चहालाही दोन-दोन उकळ्या मागायचा तो तिचा तो हात धरून बसला होता, आणि त्याचे हात इतके थरथरत होते की तिच्या बांगड्या वाजायला लागल्या.

कमळाबाई तोवर कुणाच्याच बोलण्याला भ्याली नव्हती. तिनं त्या हातांकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिचा चेहराच उतरला. "इतकं हाय का हो?" तिनं लहान आवाजात विचारलं. त्यांनी मान डोलावली. ती उठली आणि गाडीत जाऊन बसली.

सरकारी दवाखान्यात तिला दाखल करून घेतलं, इंजेक्शनं सुरू झाली. फोड वाळला, खपली पडली, मनगटावर रुपयाएवढा काळा डाग राहिला. तिथले डॉक्टर म्हणाले, तो रोग असेल किंवा साधं गळूही असेल, औषध वेळेवर पडलं त्यामुळे आता सांगता येणार नाही. तांड्यात दुसऱ्या कुणाला काही झालं नाही. नमुन्याचा अहवालही आला. पिशवीत उकाड्यानं कान सडला होता, त्यामुळे काहीच निष्कर्ष नाही. म्हणजे वीजही सिद्ध झाली नाही आणि रोगही नाही. मदतीचा प्रस्ताव नामंजूर होऊन परत आला.

तांड्यानं दोष कुणाला द्यायचा तो दिला. भित्र्या डॉक्टरनं याडीची म्हैस खाल्ली, असं आजही तिकडे म्हणतात. मी एकदोनदा त्यांची बाजू मांडायला गेले, तर लोकांनी मलाच विचारलं, "मंग रोग व्हता का, सांगा."

ढोरांना लस टोचायला आम्ही पुन्हा त्या तांड्यावर गेलो तेव्हा थंडी पडली होती. लोकांनी डॉक्टरांशी बोलणं टाकलं होतं, पण ढोरं मात्र एकजात आणून बांधली होती. काम आटोपत आलं तेव्हा कमळाबाई आली. रिकामा गोठा मागे होता. ती डॉक्टरांच्या समोर उभी राहिली.

"एक इचारू का? खरं सांगा. ती वीज व्हती का रोग?"

"मला माहीत न्हाई, माय."

"माहीत न्हाई, मंग मला काहून इतकं भेव घातलं?"

"समजायचा एकच रस्ता व्हता," डॉक्टर म्हणाले. "तुमी मेल्या असत्या तं समजलं असतं. तसं मला समजायचं न्हवतं."

कमळाबाईनं डाग असलेलं मनगट पदरात घेतलं. डोळे भरले होते, पण आवाज कडक होता.

"म्हंजे म्हैस बी गेली आन पैसे बी गेले."

"व्हय," डॉक्टर म्हणाले. "तुमी राहिल्या."